ऱ्हस्व दुधाची गाडी

"काकू, अंदाजे सांगा. तुम्ही किती रिजेक्ट गाड्या भट्टीत घालवल्या असतील?"

विचारणारा गृहस्थ पन्नाशीचा. विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, राहायला बोरिवलीत, आडनाव सामंत. माझ्या मालाडच्या घरात सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता आणि समोरचा चहा गार होत होता.

मी अभिमानाने म्हटलं, "मोजत कोण होतं? पोती भरून जायची."

त्याने डोळे मिटून घेतले. कुणी गेल्याचं कळल्यावर माणसं मिटतात तसे. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यातली एक जरी आज निघाली ना काकू, तरी आमच्या ग्रुपवर मारामारी होईल."

अंधेरीला, मरोळच्या बाजूला, खेळण्यातल्या धातूच्या गाड्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक तपासणी खात्यात. माझा नंबर नऊ. बिघडलेली गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. या एका कामावर मी इतकी वर्षं घरात, शेजारात आणि लग्नकार्यात मिजास मारत आले. आणि हा माणूस मला सांगत होता की जगाला नेमकी बिघडलेलीच हवी आहे.

तसे धक्के त्याने आल्यापासूनच द्यायला सुरुवात केली होती. फोनवर "माझ्याकडे चारेकशे गाड्या आहेत" म्हणाला तेव्हा मला वाटलं टुरिस्टचा धंदा असेल. मग कळलं, खेळण्यातल्या. म्हटलं, मुलांच्या असतील. तर म्हणे, माझ्या. मुलांना हात लावायची परवानगी नाही. बऱ्याचशा तर अजून पाकिटातच आहेत.

"पाकीट फोडत नाही?"

"फोडलं की गेली ना काकू."

"कुठे गेली?"

नव्या गाड्यांची पेटी उघडायच्या दिवशी मॉलचं शटर वर जाण्याआधी चांगले टाय लावलेले पुरुष बाहेर उभे असतात, आणि आत शिरल्यावर कोपरं मारत धावतात, हेही त्यानेच सांगितलं. मी तपासलेल्या गाड्या पोरांनी जिन्यावरून ढकलल्या, चिखलात पुरल्या, दाताने चावल्या. त्यासाठीच तर आम्ही त्या तपासायचो.

आता बाहेरच्यांना हे काम कळावं म्हणून थोडं सांगते. मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. दोन पल्ले मिटायचे, आत सारण भरायचं, दाबायचं, उघडायचं. आमचा साचा पोलादाचा आणि सारण म्हणजे वितळलेलं जस्त, तेही जबरदस्त दाबाने आत शिरणारं. पल्ले उघडले की गाडीचा सांगाडा बाहेर. मोदकाच्या कडेला जशी जास्तीची उकड निघते तशी या सांगाड्याच्या कडेला धातूची पातळ झालर राहायची, पत्र्यासारखी धारदार. ती कानशीने काढायची ती छाटणी. छाटणीतल्या बायकांची बोटं कधी पुरती बरी व्हायची नाहीत. पुढे रंग, मग दारांवर नाव-नक्षी छापायची, मग चाकं, आणि शेवटी खालचा तळ रिबिट मारून पक्का. तळसुद्धा धातूचा. मुठीत घेतली की वजन कळायचं.

साचे बहुतेक परदेशातून जुने झालेले यायचे, त्यामुळे आमच्या निम्म्या गाड्यांची स्टिअरिंग डावीकडे. घाटकोपरचे एक आजोबा त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी कारखान्याच्या दारात येऊन बसायचे. म्हणायचे, "नातवाला चुकीच्या बाजूने गाडी चालवायची सवय लागेल, मग जबाबदार कोण?" आम्ही हसायचो. नातू पुढे गल्फला गेला आणि डावीकडे बसूनच गाडी चालवायला लागला, तेव्हा आजोबा पेढे घेऊन आले.

बदल आमच्या डोळ्यांदेखत होत गेले. आधी उघडणारी दारं गेली, कारण एका दाराला चार हात लागतात. मग धातूचा तळ गेला, प्लास्टिकचा आला. पहिल्या दिवशी तो तळ हातात घेतला तेव्हा मला वाटलं गाडी उपाशी आहे. रंगही बदलले. आमच्या वेळच्या रंगात शिसं असायचं, हे मला निवृत्तीनंतर टीव्हीवर कळलं. आम्ही हेडलाइटला रुपेरी ठिपका द्यायचो तेव्हा ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायचो. टीव्ही बंद करून मी कितीतरी वेळ आरशात जीभ बघत बसले होते. कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

तर सामंत. त्याने मोबाइल काढून एक फोटो दाखवला. पांढरी दुधाची व्हॅन, निळा पट्टा, बाजूला निळ्या अक्षरांत एकच शब्द.

"ही ओळखलीत?"

ओळखली. खुर्चीचे हात धरले.

"आम्ही हिला ऱ्हस्व म्हणतो," सामंत उत्साहाने सांगू लागला. "दीर्घवाली कुणाकडेही मिळेल. पण ही दुकानात गेली आणि लगेच परत मागवली गेली. माझ्या माहितीत तीनच शिल्लक. ही चौथी. नाहूरच्या एका आजींकडे आहे, कारखान्यात होत्या. खोटी छापलेली नाही ना, एवढं कुणीतरी तिथल्याच माणसाने लिहून द्यायला हवं. पण त्या आजी विकायला तयार नाहीत. म्हणतात, मालती परब येऊन स्वतःच्या डोळ्यांनी तपासून जाऊ दे, मग बघू."

"त्या आजींचं नाव?"

"शांता कांबळे."

इथे मला माझीच बावीस वर्षांची आवृत्ती वाचकांसमोर उभी करावी लागेल. ती मला अजिबात आवडत नाही, पण इलाज नाही. दोन वेण्या, पावडर थापलेला चेहरा आणि मॅट्रिक पास झाल्याचा असा तोरा की जणू बोर्डाने पेपर हिला विचारून काढले होते. खात्यात सगळे तिला 'मॅट्रिक' म्हणायचे. ती थट्टा आहे हे तिला दोन वर्षं कळलं नव्हतं.

शांता माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. जालन्याकडची, सातवी शिकलेली. तिचा नंबर चौदा, आणि तिच्याकडे छपाईचं टेबल होतं. छपाई सुरू करण्याआधी पहिला नग तपासणीवालीने बघायचा, ठीक असेल तर त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आपापला नंबर आधीच शिक्क्याने उठवलेला असायचा. त्यावर हाताने 'ठीक' असं लिहायचं. मग हजारो नग त्या पहिल्या नगाच्या भरवशावर निघायचे. त्या टेबलाशी उंच खुर्ची होती आणि वर पंखा. अख्ख्या खात्यातला एकमेव पंखा. मला त्या खुर्चीचा इतका हेवा होता की डबा खाताना मी मुद्दाम तिच्याकडे तोंड करून बसायचे.

दुधाच्या व्हॅनची छपाई सुरू व्हायच्या दिवशी शांताच्या बोटात धातूचं कुसळ गेलं. ती पट्टी बांधायला खाली निघाली आणि जाता जाता मला म्हणाली, "ए मॅट्रिक, बस जरा इथे. पण मी येईपर्यंत काही पास करायचं नाही, काय? तो छपाईचा नवा ब्लॉक मला बघायचाय."

मी बसले. पंख्याखाली. पाच मिनिटांत छपाईवाले पेडणेकर पहिली व्हॅन घेऊन आले. मालवणकडचे, फार सावध माणूस.

"गो मालती, ह्यां बरोबर आसा मां? माका जरा वेगळांच दिसता."

व्हॅनवर छापलं होतं 'दुध'. मी ते वाचलं आणि मला, देवा शपथ, काही खटकलं नाही. उलट मी पेडणेकरांना व्याख्यान दिलं. "काका, आपण दुधाचा लिहितो, दुधात लिहितो, दुधाला लिहितो. सगळीकडे पहिला उकार. मग नुसतं दुध लिहिताना तो मोठा कशाला होईल?"

"शांता इली की इचारूया," पेडणेकर म्हणाले.

"शांताबाई सातवी आहेत," मी म्हटलं.

हे वाक्य मी म्हटलं. ते लिहिताना आजही कानशिलं तापतात. त्या 'सातवी'च्या आत आणखी काय काय दडलेलं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. कळत नाही असं दाखवणं फार सोपं होतं, एवढंच.

टेबलावर शांताचा चिठ्ठ्यांचा जुडगा पडला होता. माझा लांब माझ्या जागेवर. उठलं तर पंखा सुटणार. मी तिथलीच एक चिठ्ठी ओढली, वर लिहिलं, बांधली आणि पेडणेकरांना दिली. शांता परत आली तोवर छपाई जोरात चालू होती, आणि ती काही बोलायच्या आत तिला साहेबांनी दुसऱ्या कामाला बोलावलं.

मुद्दाम केलं का? नाही. कंटाळ्याने केलं. पण आठवड्याने माटुंग्याच्या एका शाळामास्तरांचं लाल शाईतलं पोस्टकार्ड आलं. ज्या कारखान्याला दूध लिहिता येत नाही त्याने मुलांची खेळणी बनवू नयेत, असा एकूण मजकूर. साहेबांनी माल परत मागवला, उरलेला भट्टीत गेला, आणि पहिल्या नगाची चिठ्ठी बघितली गेली. नंबर चौदा.

मी गप्प राहिले. आमच्याकडे तेव्हा बाबांची गिरणी बंद पडलेली, घरात माझाच पगार, हे सगळं खरं. पण मी गप्प राहिले ते या हिशेबाने नाही. मी गप्प राहिले कारण मॅट्रिकचं शुद्धलेखन चुकलं हे मला चारचौघांत सांगवेना. शांताला छाटणीत पाठवलं. छपाईच्या टेबलावर कुणीतरी शिकलेली हवी म्हणून त्या खुर्चीवर बसवलं मला. पुढे मी तपासणीची मुख्य झाले. कारखाना वापीकडे गेला तोवर शांता कानशीच घासत होती. ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलायची. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तिला माहीत नाही.

सामंतच्या गाडीतून आम्ही निघालो. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याला आरेची झाडं मागे पडेपर्यंत तो ऱ्हस्वबद्दल बोलत होता. मी काही ऐकत नव्हते. दाराची फट नखाने तपासत होते. खऱ्या गाडीची, पण सवय. फट वर कमी, खाली जास्त. मी पास केली नसती.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"नाही. चालव तू."

नाहूरला सातव्या मजल्यावर शांताने स्वतःच दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, चष्मा, आणि बोटं तशीच, टोकांना कापल्याच्या पांढऱ्या रेघा.

"आली का मॅट्रिक," ती म्हणाली. "ये. चप्पल बाहेरच राहू दे, लादी पुसलीय."

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक छोटं कपाट होतं. त्यातून तिने रुमालात गुंडाळलेली व्हॅन काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. सामंत खिशातून पांढरे हातमोजे काढू लागला. शांताने ते बघितलं आणि मला विचारलं, "हा डॉक्टर आहे?"

"नाही गं. विमावाला."

मी व्हॅन हातात घेतली. काय करावं कळेना म्हणून आम्ही फळीवर करायचो ती परीक्षा घेतली. टेबलावरचा ट्रे तिरका धरला आणि गाडी सोडली. सरळ गेली. इतक्या वर्षांनी, सरळ. सामंतने श्वास रोखून धरला होता.

"गाडी आपलीच आहे," मी म्हटलं. "तळ धातूचा, रिबिट आपलं. छपाई पण आपली."

"आपली?" शांता म्हणाली. मग तिने रुमालाच्या घडीतून पुठ्ठ्याची पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. दोरा अजून होता. "हा पहिला नग आहे. भट्टीत टाकायला मलाच दिला होता साहेबांनी. मी नाही टाकला. वाच."

मी वाचलं. शिक्का चौदाचा. खाली माझं अक्षर. लिहिलं होतं 'ठिक'.

पहिली वेलांटी. ऱ्हस्व.

मी त्या एका वेलांटीकडे बघतच राहिले. गाडीवर दुध, चिठ्ठीवर ठिक. सही केली असती तरी इतकी उघडी पडले नसते.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं.

"मग काय? मी ठीकला कधी पहिली दिली नाही. आमच्या गुरुजींनी छडीने शिकवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोण म्हणालं बोलले नाही? त्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, बघा साहेब, दुध पास करणारी आणि ठिक लिहिणारी एकच बाई आहे, आणि ती मी नाही. माझ्या जुन्या शंभर चिठ्ठ्या काढून बघा. साहेब हसायला लागले. म्हणाले, नंबर तर तुझाच आहे ना? उकार छोटा का मोठा, मला काय समजतं. आणि म्हणाले, ती मॅट्रिक पास मुलगी आहे, ती कशी चुकेल." शांताने चष्मा पुसला. "तेच तर. ती कशी चुकेल."

घरात कुकरची शिट्टी झाली. तिने उठून गॅस बारीक केला आणि परत आली.

"मला वाटलं, तू येशील. आज येईल, उद्या येईल. मग मी वाट बघायची सोडली. मग हा विमावाला आला, गाडी द्या म्हणून पाया पडायला लागला. म्हटलं, बरं झालं. आता मॅट्रिकला आणायला माणूस मिळाला."

"शांता, मी—"

"तोंडी नको. त्याला लेखी पाहिजे ना? मग लिही. माझ्यासमोर लिही."

सामंतने चामडी फायलीतून जाड कागद काढला, पेन दिलं. आम्हा दोघींमध्ये काय चाललंय ते त्याला एव्हाना कळलं असावं, कारण हातमोजे त्याने परत खिशात घातले. मी लिहिलं: ही गाडी आमच्या कारखान्यातलीच, खरी. हिच्यावरचा शब्द मी, मालती परब, नंबर नऊ, हिने पास केला. चिठ्ठी शांता कांबळे यांची होती, पण त्या तिथे नव्हत्या आणि काही पास करू नकोस असं मला बजावून गेल्या होत्या. ही चुक माझी आहे, त्यांची नाही. खाली सही.

कागद शांताकडे दिला. तिने तो जवळ धरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली, पहिला नग बघायची तशीच, घाई न करता. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग सामंतकडे हात पुढे केला.

"पेन."

"काय झालं आजी?"

"चूक चुकलंय."

सामंतने वाकून बघितलं आणि अक्षरशः उभा राहिला. "आजी, नका. प्लीज. तसंच राहू द्या. दुध पास करणाऱ्या बाईने चुक लिहिलंय, अहो, याच्यासारखा पुरावा नाही. ग्रुपवर वेडे होतील लोक."

"तुमच्या ग्रुपला वेडं व्हायला बरंच काही आहे," शांता म्हणाली, आणि पहिला उकार खोडून दुसरा काढला. सुबक, शेपटीला गोल वळण देऊन. मग माझ्या सहीच्या खाली, कोपऱ्यात, एक शब्द लिहिला आणि एक आकडा. ठीक. १४.

गाडी तिने सामंतला दिली. तो चिठ्ठीही मागत होता, फार गयावया करत होता. शांता म्हणाली, "ती हिची आहे. ही घेऊन जाईल." मी ती घेऊन आले. जाताना दारात तिने मला क्षमा वगैरे केली नाही. "पुढच्या वेळी स्वतःहून ये, विमावाल्याला पेट्रोल जाळायला नको," एवढंच म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. मराठीचा काथ्याकूट केल्याशिवाय आता ती मला सोडत नाही. पण हा लेख मी तिला दाखवलेला नाही. ती दर ओळीवर बोट ठेवेल, सगळं दुरुस्त करेल आणि खाली पुन्हा चौदा लिहील, मग चुकलं कोण ते कुणाला कळणारच नाही. संपादकांनीही कृपा करून याला हात लावू नये. कुठे ऱ्हस्व-दीर्घ बिघडलं असेल तर ते माझं आहे. नंबर नऊ.